तोंगयोंगला सहा दिवस, आईसोबत आणि निवांत

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दीड वर्ष झालं दक्षिण कोरियात बुसानला राहतोय. मार्चमध्ये आई मालवणहून आली तेव्हाच ठरवलं की तिला सोल वगैरे दाखवायच्या आधी तोंगयोंगला, म्हणजे इथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावाला न्यायचं, आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परत असं अजिबात नाही, चांगलं सहा दिवस राहायचं. इथले लोक म्हणाले एवढे दिवस तिथे करणार काय? केबल कार, भित्तिचित्रांची वस्ती, बंदरावर जेवण, संपलं की! पण मला वाटतं घाईत गेलात तर नेमकं तोंगयोंगच बघायचं राहून जातं.

आधी पोचायचं कसं ते सांगते. ट्रेन नाहीये, बसच. बुसानच्या सासांग टर्मिनलवरून दीड ते दोन तास, सोलच्या नांबू टर्मिनलवरून चार तासांच्या आसपास. तोंगयोंगचा बस स्टँड जुन्या गावापासून बराच लांब आहे, तिथे उतरून चालत बंदर शोधू नका, सिटी बस किंवा टॅक्सी घ्या. राहायला गांगगुआन बंदराच्या चालत अंतरात घ्या. फोनवर नेव्हर मॅप हे कोरियन नकाशाचं ॲप हवंच, गुगल मॅप कोरियात चालायचे रस्ते धड दाखवत नाही. भारतातून येणाऱ्यांनी व्हिसा आधीच काढायचा.

आता गाव. १६०४ मध्ये तीन प्रांतांच्या आरमाराचं मुख्यालय इथे आलं, गावाचं नावही त्यावरूनच पडलं. १५९२ मध्ये समोरच्याच हान्सान बेटाजवळ सेनापती यी सुन-सिन यांनी करकोचाच्या पंखांसारखा व्यूह रचून जपानी आरमाराचा धुव्वा उडवला होता. सिंधुदुर्ग किल्ल्यासमोर वाढलेल्या माझ्या आईला आरमाराचं काही समजवावं लागलं नाही. सेब्योंगग्वान हा त्या मुख्यालयातला लाकडी खांबांचा भलामोठा उघडा हॉल, चपला काढून आत बसता येतं. नावाचा अर्थ साधारण असा की आकाशगंगेच्या पाण्याने शस्त्रं धुऊन ठेवायची. लढाईच्या ठाण्याला असं नाव! आम्ही तिथे सकाळचा अख्खा तास नुसत्या बसून होतो.

आणि कलेचं मूळही त्या आरमारातच आहे बरं का. सैन्याला आणि दरबाराला वस्तू लागायच्या म्हणून बारा कारखाने होते, पंखे, घोड्याच्या केसांच्या टोप्या, लाखेवर शिंपल्याचं जडावकाम, असं सगळं. आरमार गेलं पण हात राहिले. शिंपल्याच्या कामाला नाजॉन म्हणतात, काळ्याभोर लाखेत इतका बारीक चमकता तुकडा बसवलेला असतो की आई सावंतवाडीच्या लाखकामाची आठवण काढत एका पेटीसमोरून हलेना. आणि नुबी! कापडाच्या दोन थरांना अगदी जवळून समांतर शिवण घालतात, म्हणजे आपली गोधडीच, फक्त टाक्याऐवजी सरळ रेघा. बंदराजवळ नुबीच्या पिशव्यांची बरीच दुकानं आहेत, तिथून घ्या, हलक्या असतात आणि वर्षानुवर्षं टिकतात.

दोंगपिरांग ही टेकडीवरची वस्ती २००७ मध्ये पाडायची ठरली होती, तेव्हा गावातल्या लोकांनी भित्तिचित्रांची स्पर्धा घेतली आणि वस्ती वाचली. पण तिथे खरीच माणसं राहतात, दारं-खिडक्या आहेत, आजी भाजी निवडत बसलेल्या असतात. त्यामुळे सकाळी लवकर जा, हळू बोला, कोणाच्या अंगणात घुसून फोटो नको. मला स्वतःला समोरचं सोपिरांग जास्त आवडलं, शांत आहे आणि वरून बंदर पूर्ण दिसतं.

खाण्याचं. आई सोहो बाजारात पहाटेच पोचायची. तिथे सिराकगुक मिळतं, मुळ्याच्या सुकवलेल्या पाल्याचं आणि वाम माशाच्या रश्शाचं सूप, थंडीत पोटाला फार बरं वाटतं. कालवांचा हंगाम संपत आला होता, तरी आईला शेवटची ताजी कालवं मिळाली. भाषा एक शब्द कळत नसताना तिने मासळीवालीशी बोटांनी भाव केला आणि दोघी हसत सुटल्या. वसंतात आलात तर दोदारी-सुकगुक सोडू नका, चपट्या माशाचं सूप, त्यात सुक म्हणून पाला असतो, तो आपल्या दवण्याच्या जातीतला, वासावरून आईने लगेच ओळखलं. चुंगमू किंबाप म्हणजे बोटाएवढे साध्या भाताचे रोल, सोबत मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं लोणचं, आणि तिखट माकूल. नुसताच भात का, तर बोटीवर लवकर खराब होऊ नये म्हणून सारण वेगळं ठेवायचे असं सांगतात. शाकाहारी असाल तर मात्र इथे खरंच जड जातं, रस्सा माशाचाच असतो, किमचीतही बहुतेकदा मासळी असते. किचन असलेली खोली घ्या आणि डाळ-तांदूळ सोबत आणा.

मिरुक बेटावर पुलावरून बसने जाता येतं पण एकदा तरी समुद्राखालच्या बोगद्यातून चालत जा, १९३२ चा आहे, ४८३ मीटर. पलीकडे बोंगप्योंगच्या रस्त्यावर चेरीची झाडं, तिथेच चित्रकार चॉन ह्योक-रिम यांचं संग्रहालय, बाहेरून पूर्ण रंगीत टाइल्सचं. त्यांचा तो निळा रंग बघितला आणि दुपारी बंदरावर आलो तर पाण्याचा रंग तोच. हेच एका दिवसात कळत नाही, चित्र बघायचं, मग समुद्र बघायचा, मग परत जाऊन तेच चित्र बघायचं. आम्ही दोनदा गेलो. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात, आमचा सोमवार असाच गेला, तर तो दिवस बाजारासाठी आणि फिरण्यासाठी ठेवा.

बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटीला पासपोर्ट लागतो. हान्सानला अर्ध्या तासात पोचता. वारा किंवा धुकं असेल तर फेरी रद्द होते, आमची एकदा झालीच, म्हणून बेट शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

आणि युन इसांग. या संगीतकाराचं बालपण इथलं, वडिलांसोबत रात्री मासेमारीला गेल्यावर पाण्यावरून येणारी कोळ्यांची गाणी ऐकत वाढला. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचरांनी त्यांना जर्मनीतून पळवून सोलला नेलं, जन्मठेप झाली, जगभरातून आवाज उठला तेव्हा १९६९ मध्ये सुटले. पुढे आयुष्यभर त्यांना गावी येता आलं नाही, १९९५ मध्ये बर्लिनमध्ये गेले. अवशेष २०१८ मध्ये आणले आणि इथल्या कॉन्सर्ट हॉलच्या आवारात समुद्राकडे तोंड करून ठेवले. त्यांच्याच आठवणीत २००२ पासून वसंतात संगीत महोत्सव भरतो, मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला येणार असाल तर तिकिटं आणि खोली फार आधी बघा.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिथे गेलो. आईने गोष्ट ऐकली, बराच वेळ काही बोलली नाही, मग तिथल्या दगडाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, आला बाबा एकदाचा घरी. खाली एक मच्छीमार बोट बंदराकडे वळत होती, ती आत शिरेपर्यंत आम्ही थांबलो आणि मग बस पकडली.