३९.१० म्हणजे नक्की किती?

एम.एस्सी.च्या चौथ्या सत्राच्या प्रोजेक्ट व्हायवा (प्रकल्पाची तोंडी परीक्षा) म्हणजे आमच्या विभागातली जत्राच. पॅसेजमध्ये कडक इस्त्रीचे शर्ट, हातात सोनेरी अक्षरांचे बाइंड केलेले रिपोर्ट, आणि आतून कुणी बाहेर आलं की सगळ्यांचा एकच गराडा, ‘एक्सटर्नल काय विचारतायत रे?’ नव्या शैक्षणिक धोरणात या प्रकल्पाला ६ क्रेडिट आले, तिसऱ्या सत्रातले ४ वेगळे. त्यामुळे पोरं जरा जास्तच घाबरून असतात. विषय मात्र धोरण बदललं म्हणून बदलत नाहीत. चेहरा ओळखून हजेरी घेणारी सिस्टिम दरवर्षी कुणीतरी करतंच. आमची स्वतःची हजेरी अजून कागदावर सही करून होते, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी मी इंटर्नल, म्हणजे विभागातलीच परीक्षक होते; एक्सटर्नल बाहेरून आलेले. सकाळचे दोन-तीन प्रोजेक्ट झाले आणि चिखली-आंबेवाडीकडचा एक मुलगा आला. विषय होता पंचगंगेच्या पुराचा अंदाज. मी सावरून बसले. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीचं पाणी एकत्र येतं ते याच्याच गावाकडं. २०१९ ला आणि २०२१ ला या पट्ट्यात काय झालं ते कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही.

पाठ केलेल्या इंग्रजीत त्यानं सुरुवात केली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी, राधानगरी धरणाचा विसर्ग, गगनबावड्याचा पाऊस, सगळं मॉडेलला, म्हणजे जुन्या आकड्यांवरून अंदाज बांधायला शिकणाऱ्या प्रोग्रामला, दिलेलं. पुढच्या चोवीस तासांत पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडेल की नाही, एवढंच सांगायचं. शेवटची स्लाइड आली: अचूकता ९८.६ टक्के. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच, कौतुकानं म्हणालं, “विषय हार्ड!”

एक्सटर्नल सर शांत माणूस. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, “मराठीत बोल, चालेल. मला सांग, मी एक प्रोग्राम लिहिला. तो रोज, काहीही झालं तरी, ‘धोका नाही’ एवढंच म्हणतो. तुझ्या डेटावर त्याला किती टक्के पडतील?”

पोरगं गप्प. मग त्यानं तिथंच दोन ओळी लिहून चालवल्या. पंच्याण्णवच्या वर आकडा आला. येणारच होता. पावसाळ्याचे चार महिने घेतले तरी पाणी ४३ च्या वर असतं ते मोजके दिवस, बाकी सगळे ‘नाही’चे. अशा डेटावर अचूकतेचा आकडा मिरवण्यात काही दम नसतो. खरे धोक्याचे दिवस किती पकडले, ते विचारायचं.

दुसरा प्रश्न डेटा कसा विभागला याचा. त्यानं सगळे आकडे पत्त्यांसारखे पिसून ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के तपासायला ठेवले होते. इथं निम्मी पोरं अडकतात, कारण वर्गातल्या उदाहरणांत तसंच करतात. नदीच्या पातळीला ते चालत नाही. सकाळी आठचा आणि दुपारी चारचा आकडा शिकवायच्या ढिगात, बाराचा तपासायच्या. पुढचं-मागचं दोन्ही बघून मधलं सांगायला कसली हुशारी लागते?

तोवर माझं लक्ष त्याच्या आलेखावर होतं. चढत्या पाण्याची रेघ करवतीसारखी दिसत होती. पूर चढताना पाणी असं मधेच खाली येत नाही. मी म्हटलं, “एक्सेल उघड बघू.”

उघडली. ३९.८, ३९.९, मग ३९.१, मग ३९.११, मग ४०.

मी विचारलं, “हे ३९.१ म्हणजे काय?”

“एकोणचाळीस फूट दहा इंच, मॅडम.” आणि बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं. त्यानं टाइप केलं होतं ३९.१०, एक्सेलनं शेवटचं शून्य खाऊन टाकलं. आता एक इंचाचे आणि दहा इंचाचे आकडे एकसारखेच, वेगळे करायला वाव नाही. शिवाय फुटाला इंच बारा, त्यामुळे नऊ इंचाचे ३९.९ सुद्धा चूकच. खरं ३९.७५. राजाराम बंधाऱ्याचा आकडा फूट-इंचांत सांगतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका आपल्याला तोंडपाठ असतात, आणि दशांश चिन्ह आपल्याला शंका येऊच देत नाही.

त्याचा चेहरा पडला. सर म्हणाले, “मूळ आकडे कुठनं घेतलेस?”

“गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरनं, सर. मेसेज येतात ते. २०१९ पासूनचे दादाच्या मोबाइलमध्ये हायत.”

“मग सगळ्यांचं झाल्यावर परत ये.”

दुपारभर तो शेजारच्या लॅबमध्ये बसला. मधे एकदा मी डोकावले. भावाकडून सगळी चॅट मागवली होती आणि मेसेजमधून आकडे उचलणारा रेजेक्स लिहिणं चाललं होतं. कुणी ‘फूट’ लिहिलेलं, कुणी ‘फुट’, कुणी नुसतं ‘फू.’, कुणी आकडे इंग्रजीत, कुणी मराठीत. मराठी आकड्यांचं काय करायचं म्हणून तो डोकं धरून बसला होता. म्हटलं, पायथनमध्ये मजकुराचा अंक करणारं ‘इंट’ असतं, त्याला तसेच देऊन बघ. त्यानं ‘३९’ दिलं, त्याचा सरळ अंक झाला. इतक्या वेळात पहिल्यांदा हसला.

साडेपाचला परत आला. रेघ आता गुळगुळीत चढत होती. पिसणं बंद करून २०२३ पर्यंतचं शिकवायला आणि २०२४ तपासायला ठेवलं होतं. त्या जुलैत पाणी धोका पातळीच्या वर गेलंच होतं. निकाल त्यानं स्वतःच वाचून दाखवला: मॉडेल धोका सांगतं, पण पाणी ४३ ला टेकल्यावर.

“म्हंजे तोवर आमच्या गावातली जनावरं बाहेर काढून झालेली असत्यात, सर.”

सर मोठ्यानं हसले. मग अर्धा तास खरी व्हायवा झाली. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे, एकातून १४२८ क्युसेक. ते पाणी बंधाऱ्यापर्यंत यायला वेळ लागतो, तर त्याच वेळचा विसर्ग देऊन काय उपयोग, काही तास आधीचा द्यायला हवा. वरच्या नद्यांच्या पातळ्याही हव्यात. या सगळ्याला तो इतका पटापट उत्तरं देत होता, की सकाळचं पाठ केलेलं इंग्रजी याचंच का, असं वाटावं.

गुणांवरून आमच्यात थोडी घासाघीस झाली. माझं म्हणणं, रिपोर्ट चुकीचा आहे, तर रिपोर्टचे गुण कापलेच पाहिजेत. सर म्हणाले, ते कापा, तोंडीचे मी बघतो. एकूण बेरीज ९८ टक्क्यांच्या आसपासही नव्हती, पण त्या दिवसातली सगळ्यात जास्त तीच.

जाताना तो दारात घुटमळला. “मॅडम, चार कॉप्या बाइंड झाल्यात. पहिल्याच पानावर ९८.६ हाय.”

“शुद्धिपत्र चिकटव.”

“चारीवर?”

“चारीवर. आणि दुरुस्त केलेली फाइल मला मेल कर, पुढच्या बॅचच्या पोरांना दाखवायची आहे.”

मेल रात्रीच आली. फाइलमध्ये फूट आणि इंच असे दोन वेगळे कॉलम होते.