काय झालंय तिला? तुम्ही विचारलंत म्हणून

रंकाळ्यावर संध्याकाळी लेकीला घेऊन गेले की कोण ना कोण विचारतंच, "काय झालंय ओ हिला? सारखी हात का चोळतीया?" चालता चालता नीट सांगणं होत नाही म्हणून इथं लिहिते.

पंधरा महिन्यांची असताना ती भेळेतला एकेक चिरमुरा दोन बोटांत धरून तोंडात टाकायची. दीड वर्षानंतर ते सुटत गेलं, शब्द तर दोन-चारच उरले, आणि हात एकमेकांत पिळायला लागले ते जागेपणी थांबतच नाहीत. रेट सिंड्रोम म्हणतात, साधारण १०,००० मुलींत एकीला होतो.

आता होतं काय, तर शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग कुठला जीन, म्हणजे प्रोटीन बनवायची डीएनएमधली सूचना, चालू आणि कुठला गप्प याच्या खुणा त्यावर असतात. मिथाइल म्हणजे अशीच एक खूण, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बास एवढीशी, आणि ती बसते डीएनएच्या सी या अक्षरावर, बहुतेक वेळा ज्याच्या पुढं जी असतो अशा सी वर. ही खूण वाचणाऱ्या प्रोटीनला काही डोळे नाहीत, ते डीएनएच्या खाचेत शिरून चाचपतं. असंच एक प्रोटीन एमईसीपी२, रेटमध्ये बहुतेकदा याच्यातच बिघाड असतो. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, याच्या माळेत १११ आणि १३३ नंबरला आर्जिनिन नावाचे दोन मणी आहेत, लांब हातासारखे, ते त्या जी ला धरतात आणि शेजारचा मिथाइल त्या हाताला लगटून बसतो. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर मिथाइल असला की दोन्ही हात पक्के बसतात, नसला की पकड सैल. एकदा धरलं की याच प्रोटीनचा दुसरा भाग बाकीच्या प्रोटीन्सना बोलावून घेतो, ती हिस्टोनवरचे, म्हणजे डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या प्रोटीन्सवरचे, असिटाइल नावाचे छोटे गट काढतात, डीएनए तिथं आवळला जातो आणि जीन दबतो.

लेकीच्या रिपोर्टवर आर१३३सी लिहिलंय. या प्रोटीनच्या ४८६ अमिनो आम्लांपैकी एक बदललं, १३३ वरच्या आर्जिनिनच्या (आर) जागी आखूड सिस्टीन (इथं सी म्हणजे हे) आलं, एक हातच गेला. ज्या दिवशी हे कळलं त्या रात्री मी तिचे हात माझ्या हातात घेऊन बसून होते, कितीतरी वेळ.

गरोदरपणी काय खाल्लंस, ग्रहणात बाहेर पडलीस का, हेही विचारतात. नाही ओ, तसलं काही नसतं, हा बदल बहुतेक मुलींत नव्यानंच होतो, आमची दोघांची तपासणी केली तर आमच्यात नाहीच. सासूबाईंना हे समजावायला मला वर्ष लागलं, आता त्याच बाकीच्यांना सांगतात.

आणि बरी होईल का? २००७ मध्ये एडिनबराच्या एड्रियन बर्ड यांच्या लॅबनं उंदरांत एमईसीपी२ चा बंद केलेला जीन परत चालू केला, आणि आजारी पडलेले उंदीर सुधारले, म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. माणसात अवघड जातंय कारण हे प्रोटीन जास्त झालं तरी वेगळा आजार होतो, अगदी मोजून द्यायला लागतं. तोवर मी भेळेच्या कागदातला चिरमुरा तिच्या तळहातावर ठेवते. ती त्याच्याकडं बघते, खूप वेळ बघते, कधीतरी बोट हलतं.