दोन ड्रम पाणी

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअरला आहे. महिन्यातून एकदा तांब्या-पितळेचं भंगार जातं. आधी रिकाम्या गाडीचा काटा, मग भरल्या गाडीचा. फरक निघेल तेवढ्याचं बिल.

त्या शनिवारी माझी नाइट संपली, पण बदली माणूस आलाच नाही, म्हणून दिवसाची ड्यूटीही माझ्याच गळ्यात. दुपारी तीनला भंगारवाल्याचा टेम्पो काट्यावर चढला, तेव्हा स्क्रीनवरचे आकडे मला पुसट दिसत होते. ३,३७० किलो. हाच टेम्पो मागच्या महिन्यात रिकामा २,९४० भरला होता.

मी खाली उतरून ताडपत्री उचलली. पाण्याने काठोकाठ भरलेले दोन ड्रम. रिकाम्या गाडीचं वजन फुगवायचं, आत जाऊन पाणी ओतून द्यायचं, आणि तेवढा माल फुकट न्यायचा.

त्याचा माणूस केबिनमध्ये माझ्यामागेच आला. "साहेब, चिठ्ठी तेवढी काढा. वीस हजार आत्ता देतो." सोमवारी मुलीच्या क्लासचे अठरा हजार भरायचे होते.

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. वीसातून अठरा वजा केले. बोट बटणावर होतं. बायबलमध्ये लुटीतला माल चोरणाऱ्या आखानाचे शब्द मला लहानपणापासून पाठ आहेत: पाहिलं, लोभ धरला, घेतलं, लपवलं. त्यातल्या दोन पायऱ्या मी उतरून झालो होतो.

चर्चमध्ये लढाईचा दाखला द्यायचा म्हटलं की आपण यरीहोचा तट काढतो, नाहीतर दावीदाची गोफण. मला वाटतं, अमालेक या शत्रू टोळीची गोष्ट जास्त सांगायला हवी. इस्राएल लोक रफीदीमला आले, प्यायला पाणी नाही, सगळे त्रासलेले, आणि तिथेच अमालेक तुटून पडला. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात त्यांचा पुढारी मोशे आठवण करून देतो की अमालेकाने थकलेभागलेले, मागे रेंगाळलेले गाठून मारले. ताज्या दमाच्या आघाडीवर तो गेलाच नाही. सकाळी आठला, अंघोळ-प्रार्थना करून आलेल्या मला त्या माणसाने विचारलं असतं, तर मी त्याला दारातूनच परत लावला असता. सोळाव्या तासाला मी मागे रेंगाळलेला होतो.

आणि त्या लढाईत टेकडीवर हात वर करून प्रार्थना करणारा मोशेसुद्धा एकटा पुरा पडला नाही. त्याचे हात वर असले की इस्राएलची सरशी, खाली आले की अमालेकाची. हात भरून आले, तेव्हा त्याला बसायला दगड दिला, आणि अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी हात धरले ते सूर्य मावळेपर्यंत. प्रार्थना त्याची होती, हात दुसऱ्यांनी धरले.

मी बटणावरचं बोट काढलं आणि गेटवर हाक मारली, "काका, जरा इथे येऊन बसता का?"

वॉचमन काका वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी काहीच विचारलं नाही. प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि माझ्या उजव्या हाताशी बसले. माझं तोंड बघून गेटवरच्या पोऱ्याला चहा सांगितला. मग मी त्यांच्यादेखत त्या माणसाला म्हणालो, "ड्रम खाली उतरवा. परत काटा करू." तो काकांकडे बघत राहिला. वीस हजारांचा शब्द त्याच्या तोंडून परत निघाला नाही.

दुसरा काटा २,९४५ आला. माझ्या हाताला कंप होता, म्हणून चिठ्ठी काकांनीच फाडून दिली. माल भरून टेम्पो गेटबाहेर जाईपर्यंत ते स्टुलावरून उठले नाहीत. रात्री घरी मी वीस हजारांचा आकडा बायकोला सांगितला, वजाबाकीसकट. क्लासवाल्यांनी आठवड्याची मुदत दिली.

सोमवारी मी इन्चार्जना लेखी अर्ज दिला: डबल ड्यूटीवाल्याला भंगाराच्या काट्यावर बसवू नये, आणि चिठ्ठीवर दोन सह्या असाव्यात. दुसरी सही कोणाची, असं त्यांनी विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं.