आज साताऱ्यात

सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेलो होतो. आम्ही अकरा जण, सगळे एकेकाळी शिष्यवृत्तीवर शिकलेले. महिन्याला पाचशे काढायचे आणि कॉलेजच्या चार-पाच पोरांच्या मेसचं बघायचं, एवढाच बेत. भाषण नाही, हार नाही, फोटो तर अजिबात नाही. (चेक घेतानाचा माझा एक फोटो आईच्या कपाटात अजून आहे. त्यात मी जमिनीकडे बघतोय.)

माणमधली एक मुलगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. काय अडतंय विचारलं, तर म्हणाली, "सर, फी माफ आहे. मेसचं बिल थकलंय. शिष्यवृत्ती येते, पण वर्ष सरत आल्यावर." वीस वर्षांपूर्वी मी हेच वाक्य बोललो होतो!

परतताना कर्मवीर अण्णांच्या, म्हणजे भाऊराव पाटलांच्या समाधीपाशी थांबलो. १९२४ साली अण्णांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आणि आमच्या ग्रुपवर पाचशे की तीनशे यावर दोन दिवस चर्चा चालली होती. मीही त्यात होतो, लपवत नाही.

आत्ता गाडीत तिचा मेसेज आला. मेसवाल्या काकूंच्या पावतीचा फोटो, खाली "मिळाले सर".