तळघरात गोल्फची खोली बसवताना घेतलेली मापे

आमच्या तळघरात छताखालून जाणाऱ्या पत्र्याच्या डक्टला चंद्रकोरीच्या आकाराचा एक पोचा आहे. तो माझ्या ड्रायव्हरने, म्हणजे चेंडू मारायच्या सर्वांत लांब काठीने (गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात) पाडला असून, गोल्फ सिम्युलेटरसाठी खोलीची मापे ठरवताना मी घाई केली होती, हे तो पोचाच पाहुण्यांना माझ्याआधी सांगून टाकतो.

इथे हिवाळ्यात गोल्फची मैदाने काही महिने बंद राहतात, त्यामुळे तळघर किंवा गॅरेज हाताशी असलेला हौशी खेळाडू कधी ना कधी सिम्युलेटरचा विचार करतोच. खऱ्या चेंडूवर खरा फटका मारायचा, समोरच्या जाड पडद्याने तो झेलायचा, लाँच मॉनिटर नावाच्या यंत्राने चेंडूचा वेग, कोन आणि फिरकी मोजायची आणि उरलेले उड्डाण संगणकाने त्याच पडद्यावर दाखवायचे, अशी ही रचना असते. यंत्रांविषयी माहिती देणारे पुष्कळ भेटतात. खोलीचा प्रश्न मात्र टेप हातात घेतल्याशिवाय सुटत नाही.

आमची खोली 14 फूट रुंद, 22 फूट लांब आणि 9 फूट 2 इंच उंच आहे. उंचीला 9 फूट चालतात, 10 फूट असतील तर उत्तम, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, म्हणून मी निर्धास्त होतो. परंतु एका लांब भिंतीच्या कडेने दोन फूट रुंदीचा डक्ट जातो आणि त्याच्या खाली जमिनीपासून अवघे 7 फूट 8 इंच उरतात, याचा हिशेब मी धरला नव्हता. खोलीची उंची म्हणजे तिच्यात सर्वांत खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंतची उंची. गॅरेजमध्ये तर दरवाजा वर सरकवणारा रूळही त्यात मोजावा लागतो. शिवाय ज्यावर उभे राहून फटका मारायचा त्या मॅटची जाडी वजा होते. दीड इंचाची मॅट घातल्यावर माझ्याकडे जेमतेम 9 फूट राहिले. ही जाडी वाचवण्यासाठी मी सुरुवातीला फक्त चेंडूखाली मॅटचा तुकडा ठेवून पाहिला, तेव्हा चेंडू पावलांपेक्षा वर आला आणि फटके डावीकडे जाऊ लागले. पाय आणि चेंडू एकाच पातळीवर हवेत. तिथे काटकसर चालत नाही.

स्विंगला, म्हणजे फटक्यासाठी क्लब फिरवायला, किती उंची लागते, हे खेळाडूच्या उंचीवरून नेमके ठरत नाही. आडव्या स्विंगच्या उंच माणसापेक्षा उभ्या स्विंगच्या बुटक्या माणसाला अधिक छत लागू शकते. मी मोकळ्या जागेत खुणा केलेली उंच काठी शेजारी रोवली आणि मुलाला चित्रफीत घ्यायला सांगितले. सावकाश फिरवताना क्लबचे टोक 8 फूट 5 इंचांवर गेले, पूर्ण जोराने मारल्यावर 8 फूट 8 इंचांवर. म्हणजे छताला चार इंच उरले, आणि खरे सांगायचे तर तेवढ्याने मन निश्चिंत होत नाही. छत जवळ आहे हे खांद्यांना कळते आणि स्विंग आपोआप आखडतो. माझा ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांचा आहे. पटर (चेंडू जमिनीवरून खळग्यात ढकलायचा क्लब) वगळता क्लबची कमाल लांबी नियमाने 48 इंच असून, 2022 पासून स्पर्धांना स्थानिक नियमाद्वारे ती 46 इंचांवर आणण्याची मुभा आहे. पाहुण्यांचे क्लब लक्षात घेऊन मोजमाप करणे त्यामुळे बरे.

आता पोच्याकडे येतो. उजव्या हाताने खेळणारा पडद्याकडे पाहताना चेंडूच्या डावीकडे उभा असतो आणि क्लब त्याच्या पाठीमागून, म्हणजे डाव्या भिंतीच्या बाजूने फिरतो. चेंडूच्या पलीकडे उजवीकडे तो फारसा जात नाही. माझा डक्ट नेमका डावीकडे होता. तो हलवणे शक्य नव्हते, तेव्हा मी खोलीच फिरवली: पडदा समोरच्या टोकाला नेला आणि डक्ट आपोआप उजवीकडे गेला. चेंडू डाव्या भिंतीपासून सात फुटांवर ठेवला. पडदा मात्र डक्ट सोडून उरलेल्या बारा फुटांतच बसतो, त्यामुळे त्याचा मध्य सहा फुटांवर येतो आणि चेंडू मध्यापासून एक फूट बाजूला राहतो. काही सॉफ्टवेअरमध्ये लक्ष्यरेषा तेवढी सरकवता येते. आपल्याला ती सोय मिळते का, हे खरेदीआधीच विचारून घ्यावे.

लांबीने त्रास दिला नाही. पडदा भिंतीपासून सव्वा फूट पुढे आहे, कारण ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाणारा चेंडू पडद्याला मागे ढकलतो आणि मागे लगेच भिंत लागली तर तो उलट आपल्याच अंगावर येतो. पडद्यापासून चेंडू दहा फुटांवर, आणि रडारवर चालणारे माझे यंत्र चेंडूच्या मागे सात फुटांवर. कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रे बहुधा चेंडूशेजारी किंवा छताला बसतात, म्हणून आखूड खोलीत तीच सोयीची.

प्रोजेक्टरचा हिशेब मात्र कागदावरच करावा. आठ फूट उंचीचे 4:3 (रुंदी : उंची) प्रमाणाचे चित्र 10 फूट 8 इंच रुंद होते. 16:9 घेतले तर तेवढ्याच उंचीला चौदा फुटांहून अधिक रुंदी लागते, म्हणून तो विचार सोडला. प्रोजेक्टरच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागले की थ्रो रेशो मिळतो. 1.2 रेशोचा प्रोजेक्टर पडद्यापासून 12 फूट 10 इंचांवर, म्हणजे चेंडूच्याही मागे गेला असता आणि चित्रावर माझी सावली पडली असती; 0.8 चा ऐन स्विंगच्या वर आला असता. शेवटी 0.5 चा घेतला, तो पडद्यापासून 5 फूट 4 इंचांवर टांगला आहे.

खोली फिरवल्यामुळे दार आता माझ्या पाठीमागे आले आहे. कुणी अचानक आत आले तर ते थेट मागे जाणाऱ्या क्लबच्या वाटेत येईल, म्हणून आतून कडी बसवली आणि खेळताना ती लावूनच ठेवतो. माझा एक डावखुरा मित्र आहे, त्याच्यासाठी डक्ट आता चुकीच्या बाजूला आला. तो बिचारा आयर्नवरच, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लबांवरच भागवतो आणि प्रत्येक फटक्याआधी एकदा मान वर करून पोच्याकडे बघतो.