खुनी बदलला

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा.

आज आमच्या सिनेमातला खुनी बदलला.

खुनी भाच्याचं काम करणारा मुलगा शनिवारी मुंबईला गेला. मालिकेत घेतलंय त्याला. शूटिंगला नऊ दिवस उरलेत. राग आला, रडूही आलं. पण राज्य नाट्य स्पर्धेसाठी तीन वर्षं नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहाच्या स्टेजवर राबलेल्या पोराला ‘जाऊ नको’ कुठल्या तोंडाने सांगणार? पाया पडून गेला.

आज पंचवटीतल्या वाड्यात वाचन होतं. भाच्याच्या आईचं काम करणाऱ्या काकू सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या. वय ६२, काम दोन सीनचं. भाचाच नाही, म्हणून त्याची वाक्यं मी त्यांनाच वाचायला दिली, नुसती क्यूपुरती. मामाचा खून झालाय, इन्स्पेक्टर दारात उभा आहे आणि भाचा म्हणतो, ‘साहेब, चहा टाकू का?’ तो मुलगा हे घाबरून म्हणायचा. काकूंनी मांडीवरच्या कागदाची घडी हाताने सपाट केली आणि अगदी मायेने विचारलं. माझ्या अंगावर काटा आला. खोलीत कुणी बोलेना.

कॅमेरामनला पटत नव्हतं. ‘ताई, या वयाची बाई खून करते हे लोकांना खरं वाटेल का?’ मला साळुंके आठवले. त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१३ साली हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या साळुंक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केलं, आणि पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांच्याकडूनच करून घेतले. लोकांनी मानलं. मग काकूंना का नाही मानणार?

पण नुसतं माणूस बदलून भागलं नाही. भाचा कर्जापायी खून करायचा, ते मला कधीच मनापासून पटलेलं नव्हतं. काकूंनी सहज विचारलं, ‘हिने हक्कसोड कधी करून दिलं?’ म्हणजे वडिलांच्या जमिनीतला वाटा कधी सोडला. मी गप्प. त्याच म्हणाल्या, ‘वडील गेले त्याच महिन्यात. भावाने सही घेतली आणि एक साडी दिली.’ आता गोष्टीत दिंडोरीची द्राक्षबाग भाऊ, म्हणजे मामा, विकायला काढतोय आणि ती साडी अजून हिच्या कपाटात आहे. दोन वर्षं मी जे शोधत होते ते हेच.

चौदावा सीनही गेला. त्यात पुराच्या रात्री भाचा पोतं ओढत घाटाच्या पायऱ्या उतरतो. काकूंकडून ते होणार नाही, हा एक भाग. पण जन्म पंचवटीत गेलेल्या त्या बाईने दुसरीच चूक दाखवली: ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय असं लिहिलंय ना? मग पायऱ्या दिसतील कशा?’ खरंच होतं; गोदाकाठच्या त्या मूर्तीवरूनच नाशिककर पुराची उंची मोजतात. आता कुणी कुणाला ओढत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अर्धं नाशिक पूर बघायला निघतं, तसा भाऊ स्वतःच्या पायाने येतो. बहीण त्याचा हात धरून उभी राहते. एवढंच.

पोलिसांचे सीन एका निवृत्त हवालदारकाकांनी वाचून दिले. ‘तीनशे दोन लावीन’ हा संवाद त्यांनी खोडला. १ जुलै २०२४ पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं; त्या संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांसाठी आहे. झडती आणि जप्तीचं आता व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं, म्हणून इन्स्पेक्टरने हळूच अंगठी खिशात टाकण्याचा प्रसंगही टिकत नाही. मी तिथे आधी अडले. मग सुचलं: हवालदार मोबाइलवर चित्रीकरण करतोय, आणि त्याच चित्रणात मागे कोपऱ्यात बाई साडीची घडी उलगडून पुन्हा घालताना दिसते. इन्स्पेक्टरला ते चौथ्यांदा बघताना कळतं. शेवट इथेच जुळला.

मघाशी त्या मुलाचा मेसेज आला. ‘ताई, माझं काम कोण करतंय?’ मी लिहिलं, ‘तुझी आई.’ लगेच फोन आला. त्याला नवा चौदावा सीन वाचून दाखवला. ‘मला त्या गर्दीत तरी उभं करा, रविवारी येतो,’ म्हणाला.

उद्या सकाळी काकूंना नवी पानं द्यायची आहेत. मोठ्या अक्षरात छापायला हवीत. कॅमेऱ्यापुढे त्यांना चष्मा नकोय.