सॅक ८.९ वरून ६.२ : कामिनोच्या पायथ्याशी तीन दिवस

रविवार, संध्याकाळ

पोचलो एकदाच्या. बायोनहून निघालेली छोटी गाडी नीव्ह नदीच्या कडेकडेने वळणं घेत तासाभरात सँ-झाँ-प्ये-द-पोरला आली. पुढे रूळच नाहीत. डब्यातले निम्मे लोक सॅकवाले होते आणि सगळे एकमेकांच्या सॅककडे चोरून बघत होते. मीही बघत होते. बहुतेकांची माझ्यापेक्षा लहान होती, तिथेच पोटात गोळा आला.

मागची नोंद वाचली नसेल त्यांच्यासाठी: मी आणि माझी नणंद, दोघी साताऱ्याच्या. माझी आळंदी-पंढरपूर वारी पाच वेळा झाली आहे, तिची दोनदा. आता कामिनोची पायी यात्रा: फ्रान्सच्या या सीमेवरच्या गावातून स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत, साधारण ७८० किलोमीटर. व्हिसा स्पेनचा काढला, कारण जास्त मुक्काम तिकडे. शेंगेनचे ९० दिवस भरपूर होतात, आम्ही ४२ धरलेत.

गावाच्या नावाचा अर्थ ‘खिंडीच्या पायथ्याचं सेंट जॉन’. बास्क लोक त्याला दोनिबाने गाराझी म्हणतात आणि पाट्यांवर दोन्ही नावं असतात. सीमा इथून आठेक किलोमीटर. गाव उंचीला जेमतेम १७० मीटर आणि पुढे चढायची लेपोएदेर खिंड १४३० च्या आसपास. साताराकरांच्या भाषेत सांगायचं तर एकावर एक चार अजिंक्यतारे. पलीकडे उतरून रोन्सेस्वालेस, एकूण २५ किलोमीटर, म्हणजे सातारा ते कास. हे असं मांडलं की नणंदेला धीर येतो. मला येत नाही, कारण कासला मी कधी ८.९ किलो पाठीवर घेऊन गेलेली नाही.

सॅकचा आकडा नोंदवते: ८.९ किलो, पाणी सोडून. घरी पहिल्यांदा भरली तेव्हा ११ होती. आपल्या वजनाच्या एक दशांश हा इथला ढोबळ नियम. माझं वजन ६२, म्हणजे ६.२ हवं.

वारीत हा प्रश्नच नसतो, हे घरी कितीही बोलले तरी कळलं इथे येऊन. दिंडीत आपल्या खांद्याला एक शबनम, फार तर पाण्याची बाटली. वळकटी, पातेली, तंबू, धान्य सगळं ट्रकमध्ये. लोणंदला पोचेपर्यंत पिठलं शिजलेलं असतं. मी स्वतःला पाच वाऱ्या झालेली चालणारी म्हणवत होते. पाचही वेळा माझं घर दिंडीचा ट्रक वाहत होता.

सोमवार

सकाळी यात्रेकरूंच्या कार्यालयात. र्‍यू द ला सितादेल हा फरसबंदी चढ, दोन्ही बाजूंना लालसर दगडाची जुनी घरं, दरवाजांच्या वरच्या दगडात बांधणाऱ्याचं नाव आणि साल कोरलेलं. ३९ नंबरला कार्यालय. आत लांब टेबल आणि पलीकडे स्वयंसेवक, बहुतेक स्वतः चालून आलेले. माझ्यासमोरच्या आजोबांनी क्रेदेन्सियाल, म्हणजे यात्रेकरूचं शिक्क्यांचं पासबुक, उघडून पहिला शिक्का मारला. हा घडीचा पुठ्ठा असल्याशिवाय यात्रेकरूंच्या अल्बेर्गेत, म्हणजे इथल्या धर्मशाळेत, खाट मिळत नाही. रोज शिक्के घ्यायचे, तरच सांतियागोला प्रमाणपत्र. बाजूच्या टोपलीतला शिंपला, ही यात्रेकरूची खूण, इच्छेला येईल ते पैसे टाकून घ्यायचा. आम्ही दोन घेतले. नणंद म्हणाली, “वहिनी, माळ घातल्यासारखं वाटतंय हो.” मलाही तेच वाटलं होतं, पण मी बोलले नाही, कारण रांगेत मागे पंचवीस माणसं होती.

आजोबांनी एक कागद दिला, पुढच्या टप्प्यांचे चढउतार काढलेला. पहिल्याच चौकोनात रेघ भिंतीसारखी सरळ वर जाते. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “मंगळवारी नको. वर दक्षिणेचा वारा आहे. बुधवार चांगला.” वरच्या वाटेवर ओरिसोंला आमचा पहिला मुक्काम, त्याचं आरक्षण बुधवारचंच आहे, जानेवारीत केलेलं, म्हणून बिघडलं काही नाही. पण आमच्या मागच्या तिघांना त्यांनी वालकार्लोसच्या वाटेने धाडलं. दोन वाटा आहेत हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वरची नेपोलियनची वाट उघड्या कुरणांवरून जाते, देखणी पण निवारा नसलेली. खालची वालकार्लोसची दरीतून, बरीचशी रस्त्यालगत, आणि शेवटी इबान्येताच्या खिंडीचा चढ. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च वरची वाट स्पेनमधल्या नावारा प्रांताचं सरकार बंदच ठेवतं. एप्रिलमध्ये उघडी असते, पण उघडी म्हणजे सोपी नव्हे.

सोमवार इथला बाजाराचा दिवस. मेंढीच्या दुधाचं ओसो-इराती चीज, काळ्या चेरीचा मुरंबा भरलेला गातो बास्क, आणि एस्पलेतच्या लाल मिरच्यांच्या माळा. मिरच्या बघून नणंदेचा जीव हरखला. चाखून बघितली आणि तिचा चेहरा पडला: “ही तर ब्याडगीपेक्षा गरीब!” रंगाला आणि वासाला मात्र छान. चीजचा एक तुकडा आणि गातोचे दोन काप घेतले, ते उद्याच्या नाही, आजच्या पोटासाठी.

एक गंमत. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये लिहिलेली कामिनोची वाटाडी पुस्तिका आहे. त्यात याच गावाचं आणि शेजारच्या सँ-मिशेलचं नाव घेऊन लेखकाने तक्रार केलीय की इथले जकातवाले काठ्या घेऊन यात्रेकरूंना आडवे येतात आणि हक्क नसताना पैसे उकळतात. नऊशे वर्षांपूर्वीचा टोलनाका! आनेवाडीला गाडी थांबली की आता मला सँ-झाँ आठवणार.

दुपारी सगळ्यात महत्त्वाचं काम केलं: पूर्ण भरलेल्या सॅकसकट वरच्या वाटेवरच्या हुंतो वस्तीपर्यंत चढून परत. सुमारे पाच किलोमीटर वर, तेवढेच खाली. स्पेनच्या वेशीतून बाहेर पडलं की फार वेळ न देता चढ सुरू होतो, आणि तो डांबरी असल्यामुळे पोटऱ्यांना उसंतच नाही. अजिंक्यताऱ्यावर पायऱ्या-पायऱ्यांत श्वास तरी घेता येतो. इथे रस्ता नुसता वर वर. हुंतोला पोचायला एक तास पन्नास मिनिटं लागली, माझा अंदाज सव्वा तासाचा होता.

काय काय कळलं ते लिहिते, नव्या लोकांना उपयोगी पडेल. माझा डावा खांदा अर्ध्या तासात भरून आला, कारण मी कमरेचा पट्टा पोटावर बांधत होते. तो कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, आधी तो आवळायचा आणि खांद्याचे पट्टे मग, उलट नाही. वाटेत थांबून नीट बांधला आणि ओझं निम्मं झाल्यासारखं वाटलं. काट्यावर अर्थातच तेवढंच होतं. दुसरं, उतारावर नणंदेचा अंगठा बुटाच्या टोकावर आपटत होता. नाडी घोट्याजवळच्या शेवटच्या भोकातून काढून फास घालून बांधली तेव्हा टाच मागे घट्ट बसली आणि अंगठा सुटला. बूट एक नंबर मोठा घेतला होता तरी हे झालं, म्हणून सांगते. तिसरं, माझा पाच वर्षं जुना रेनकोट. वरच्या वळणावर वारा शिरला आणि तो छत्रीसारखा फुगून काखेत फाटला. सह्याद्रीत पाऊस बघितला आहे, वारा बघितला आहे, पण सॅकवरून पांघरलेला रेनकोट उघड्या कुरणावर कधी बघितला नव्हता.

हा फाटला ते इथे फाटला, खिंडीत नाही, यात मला आनंद आहे. कार्यालयासमोरच्या गल्लीत यात्रेकरूंच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून सॅकसाठी पाठीला कुबडाएवढी जादा जागा असलेला, पुढून चेन असलेला रेनकोट घेतला. वजन जुन्याइतकंच. चालण्याच्या काठ्याही इथेच घेतल्या, विमानात हातातल्या सामानात नेता येत नाहीत म्हणून घरून आणल्याच नव्हत्या.

मंगळवार

वारा खरंच आहे. खाली गावात ऊबदार झुळूक, पण नदीवरच्या पुलावरून वर बघितलं तर ढग पळताहेत. आज सकाळी वरच्या वाटेने निघालेलं एक जोडपं दहाच्या सुमाराला परत आलं, चेहरे लाल. त्यांनी काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

आमच्यात मात्र वाद झाला. नणंदेचं म्हणणं, ओरिसों अवघं आठ किलोमीटरवर, दुपारी जेवायच्या वेळी पोचू, मग दिवसभर काय करायचं? थेट रोन्सेस्वालेस गाठू. “वहिनी, आपण पुण्याहून सासवडला एका दिवसात गेलोय, दिवेघाट चढून!” गेलोय खरं. पण दिवेघाटात हजारो लोक होते, टाळ होते, पाणी देणारे होते, आणि पाठ रिकामी होती. मी कालचे एक तास पन्नास मिनिटं तिच्यासमोर ठेवले. ती दहा मिनिटं गप्प बसली आणि मग म्हणाली, “ठीक आहे, पण ओरिसोंला झोप काढणार मी.” ठरलं. पहिल्या दिवशी आठ, दुसऱ्या दिवशी सतरा. ओरिसोंच्या पुढे बियाकोरीची मारियेची मूर्ती, मग सीमेजवळ रोलांचं कारंजं, तिथे बाटल्या भरून घ्यायच्या. सीमा म्हणजे गुरं अडवायची लोखंडी जाळी, ओलांडली की स्पेन. पासपोर्ट बघायला कुणी नाही.

दुपारी खोलीत सगळं सामान खाटेवर पसरलं. आता ही निर्दय यादी, आणि हिच्यासाठीच आजची नोंद लिहायला बसले. थालीपीठाची भाजणी, ७०० ग्रॅम. हिला हात लावताना पोटात तुटलं. पण तवा कुठे, तेल कुठे, आणि अल्बेर्गेच्या स्वयंपाकघरात वीस जण रांगेत असताना थालीपीठ थापणार कोण? बाहेर. मेतकुटाची छोटी पुडी राहिली, भात कुठेही मिळतो. शाल ५०० ग्रॅम, आईची. तिच्याऐवजी अंगावरची लोकरी बंडी पुरते. दुसरी सलवार ४००, तिसरा कुर्ता २५०. दोन जोड पुरतात, रोज एक धुवायचा. औषधांच्या डब्यातून ३०० ग्रॅम निघालं, कारण आम्ही दोघींनी एकच डबा दोनदा भरला होता. छत्री ३५०, नव्या रेनकोटानंतर तिचं काम संपलं. जाड चपला देऊन पातळ रबरी घेतल्या, २०० वाचले. पायांचं व्हॅसलीन, सुई-दोरा, कानात घालायचे बोळे राहिले. बोळे विसरू नका, वारीत पालात घोरणारे असतात, इथे खोलीत असतात.

हे सगळं एका खोक्यात भरून दुकानातून थेट सांतियागोला पाठवलं. अशी सोय इथे मिळते, पोचल्यावर सोडवून घ्यायचं. आईची शाल माझ्याआधी पोचणार.

संध्याकाळी शेवटचं वजन. घरून आणलेला हाताचा काटा दाराच्या कडीला अडकवला, सॅक लटकवली. ६.२. बरोबर ६२ चा दशांश. मी इतकी खूश झाले की फोटो काढला. नणंदेची ७.३ भरली, तिचं वजन ७१ आहे, म्हणून तिने आकड्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

मग काट्यावरून सॅक काढत म्हणाली, “आणि हा? हा कोण उचलणार?”

पाच महिने रोज वजन करतेय, काट्याचं वजन एकदाही धरलं नव्हतं. दुकान अजून उघडं होतं. खोकं गेलं नव्हतं. काटा त्यात टाकून आले.